कर्नल अपडेटनंतर एन्क्रिप्टेड लॅपटॉप पुन्हा पुन्हा इनिटरॅमएफएसवर का अडकतो

लक्षण ठरलेलं असतं. उबंटू, मिंट किंवा डेबियन, आणि इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक अपडेट येतो आणि रीस्टार्ट केल्यावर पासफ्रेज विचारणारी चौकट येतच नाही. काळा पडदा, ‘व्हॉल्यूम ग्रुप नॉट फाउंड’च्या ओळी, मग ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस’, आणि मशीन बिझीबॉक्सच्या शेलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या साध्या पडद्यावर, येऊन थांबतं. समोर कंसात इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उलगडणारं छोटं लिनक्स) आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून जुना कर्नल निवडला, तर तोच लॅपटॉप काही तक्रार न करता सुरू होतो. कुठून तरी दोन कमांड हाती लागतात, काम भागतं, आणि पुढच्या कर्नलला पुन्हा तेच रामायण.

हे लिखाण त्या ‘पुन्हा’साठी आहे. एकदा वेळ मारून नेणं सोपं आहे, पण कारण तसंच राहिलं तर दर अपडेटला हीच धास्ती. आधी दिलाशाची गोष्ट: या लक्षणात डिस्क जवळजवळ कधीच खराब नसते आणि डेटाही जागच्या जागी असतो. त्यामुळे घाईने रीइन्स्टॉल करू नका. आणि कुठेही ‘लक्सफॉरमॅट’ असा शब्द असलेली कमांड दिसली तर ती अजिबात चालवू नका. लक्स ही लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत, आणि ही कमांड तिचं नवीन हेडर (डिस्कवरचा किल्ल्या ठेवायचा भाग) लिहिते, जुन्या किल्ल्या पुसल्या जातात, आणि मग तो डेटा कुणालाही परत मिळत नाही.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.)

जुना कर्नल चालतो, नवा अडतो, असं का?

मशीन सुरू होताना ग्रब /बूटमधून दोन फाइली उचलतो: कर्नल आणि त्याच्या जोडीची बूट इमेज, म्हणजे ‘इनिटआरडी.आयएमजी’ने सुरू होणारी फाइल. ही इमेज मेमरीत उलगडते. तिच्यात एक छोटं लिनक्स असतं: डिस्कचे आणि कीबोर्डचे ड्रायव्हर, क्रिप्टसेटअप हा प्रोग्राम, डीएम-क्रिप्ट हे मॉड्यूल, आणि कोणतं पार्टिशन कोणत्या नावाने उघडायचं हे सांगणारी एक ओळ. खरी रूट डिस्क या वेळी कुलूपबंद असते, म्हणून अशा ओळींची तिच्यावरची मूळ फाइल, /ईटीसी/क्रिप्टटॅब, वाचणं शक्यच नसतं. इमेज म्हणजे प्रवासाला निघताना बांधलेली शिदोरी आहे. जे बांधलं तेवढंच वाटेत मिळणार.

ही शिदोरी दर कर्नलसाठी वेगळी बांधली जाते, आणि ती बांधताना सिस्टिम जशी होती तशी तिच्यात उतरते. जुन्या कर्नलची इमेज सगळं ठीक असताना तयार झाली, म्हणून ती अजून चालते. मधल्या काळात काहीतरी बदललं, आणि नवी इमेज त्या बदललेल्या परिस्थितीत तयार झाली. म्हणजे प्रश्न असा नाही की नव्या कर्नलमध्ये काय बिघडलं. प्रश्न असा आहे की नवी इमेज तयार होताना तिच्यात काय गेलं नाही.

पाणी बहुतेक वेळा नावात मुरतं

डेबियन घराण्यात सहसा इमेज बनवताना ‘क्रिप्टरूट’ नावाचा हुक (आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) चालतो. रूट फाइल सिस्टिम कोणत्या डिव्हाइसवर आहे हे तो बघतो, तिथून खाली उतरत एन्क्रिप्टेड मॅपिंगपर्यंत (कुलूप उघडल्यावर ठरावीक नावाने दिसणाऱ्या डिव्हाइसपर्यंत) पोचतो, त्या मॅपिंगचं सध्याचं नाव घेतो आणि तेच नाव क्रिप्टटॅबच्या पहिल्या रकान्यात शोधतो. सापडलं, तर ती ओळ इमेजमध्ये जाते. नाही सापडलं, तर ‘टार्गेट अमुक नॉट फाउंड इन /ईटीसी/क्रिप्टटॅब’ अशी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. वॉर्निंग, एरर नव्हे. इमेज तयार होते, अपडेट ‘यशस्वी’ होतो, आणि ती वॉर्निंग शंभर ओळींच्या आउटपुटमध्ये वर सरकून जाते. ग्राफिकल अपडेटरमध्ये तर ती सहसा नजरेसच पडत नाही.

आता चक्र कसं फिरतं बघा. तुमच्या क्रिप्टटॅबमध्ये नाव आहे ‘एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट’. एकदा कशामुळे तरी मशीन शेलवर अडकलं. तुम्ही तिथे क्रिप्टसेटअपने पार्टिशन हाताने उघडलं आणि नाव दिलं ‘क्रिप्टरूट’, कारण जिथून कमांड घेतली तिथे तसंच लिहिलं होतं. वरती एलव्हीएम (डिस्कची जागा भागांत वाटणारी व्यवस्था) असल्यामुळे रूटचा पत्ता ‘व्हीजीउबंटू-रूट’ असा असतो आणि खालच्या मॅपिंगचं नाव काय आहे याच्याशी एलव्हीएमला काही देणंघेणं नसतं. सिस्टिम छान सुरू झाली. मग तुम्ही इमेज पुन्हा बनवली. हुकने पाहिलं: चालू मॅपिंग ‘क्रिप्टरूट’, क्रिप्टटॅबमध्ये ते नाव नाही. वॉर्निंग, आणि इमेज पुन्हा रिकामी. इलाज म्हणून जे केलं त्यातूनच दुखणं परत आलं.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) दुरुस्ती करतानाही हेच होतं. तिथे फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करून पासफ्रेज दिला की मॅपिंगला ‘लक्स-’ आणि पुढे लांबलचक यूयूआयडी (ओळख-क्रमांक) असं नाव मिळतं. त्या अवस्थेत सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून, बनवलेली इमेज निरुपयोगीच असते, बाकी सगळ्या पायऱ्या कितीही काटेकोर केल्या तरी.

नाव जुळतंय का, हे चालू सिस्टिमवर लगेच कळतं. ‘एलएसबीएलके’ चालवा. झाडासारखी मांडणी दिसेल: पार्टिशनच्या खाली, प्रकाराच्या रकान्यात ‘क्रिप्ट’ लिहिलेली एक ओळ. त्या ओळीचं नाव आणि क्रिप्टटॅबमधला पहिला शब्द अक्षर न् अक्षर सारखे हवेत. अंडरस्कोरच्या जागी डॅश असला तरी चालत नाही.

शेलवरून आत्ता कसं निघायचं

जुना कर्नल चालत असेल तर सरळ त्यानेच सुरू करा आणि पुढच्या भागाकडे जा. जुना कर्नलही नसेल, तर शेलवर घाबरण्यासारखं काही नाही. आधी ही फाइल वाचा:

कॅट /क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब

ती रिकामी असेल तर वर सांगितलेला नावाचा घोळ जवळपास पक्का. मग ‘बीएलकेआयडी’ चालवून ‘क्रिप्टो_लक्स’ प्रकारचं पार्टिशन शोधा आणि ते उघडा:

क्रिप्टसेटअप लक्सओपन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट

शेवटचा शब्द महत्त्वाचा. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरने, मिंटने आणि डेबियनने पार्टिशनच्या नावाला ‘_क्रिप्ट’ जोडून हे नाव ठेवलेलं असतं. उबंटूच्या नव्या इन्स्टॉलरमध्ये ते ‘डीएम_क्रिप्ट-०’ असं असतं. मग ‘एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय’ आणि त्यानंतर ‘एक्झिट’. शेलमधून बाहेर पडताच बूट जिथे थांबलं होतं तिथून पुढे सरकतं.

क्रिप्टसेटअप ही कमांडच सापडली नाही, तर कारण बहुधा वेगळं आहे: ‘क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस’ हे पॅकेज सिस्टिमवर नाही. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, बूट इमेजचा भाग या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. नुसतं ‘क्रिप्टसेटअप’ असून भागत नाही. साफसफाईच्या नादात ते उडालेलं असू शकतं. जुन्या कर्नलने, तो नसेल तर खाली दिलेल्या पेन ड्राइव्हच्या मार्गाने, सिस्टिममध्ये शिरा, पॅकेज टाका, ते इमेज स्वतःच नव्याने बनवायला लावतं.

कायमची दुरुस्ती

सिस्टिम सुरू झाली की एलएसबीएलकेने नाव तपासा. नाव जुळत असेल तरच पुढे जा. जुळत नसेल तर रीस्टार्ट करून योग्य नावाने उघडा, हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. क्रिप्टटॅबमधलं नाव बदलूनही चालतं, पण एलव्हीएम नसेल आणि एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याच्या यादीत) जुनं मॅपर नाव लिहिलेलं असेल तर तिथेही बदल करावा लागेल.

क्रिप्टटॅबच्या ओळीत चार रकाने असतात: नाव, मूळ डिव्हाइस, किल्लीची फाइल आणि पर्याय. पासफ्रेज हाताने द्यायचा असेल तर तिसऱ्यात ‘नन’. चौथ्यात सहसा ‘लक्स,डिस्कार्ड’ असतं. त्याला स्वल्पविराम देऊन ‘इनिटरॅमएफएस’ हा शब्द जोडा. तो जोडला की हुकला रूटचा माग लागो न लागो, ही ओळ इमेजमध्ये जातेच. दर अपडेटला अडकणाऱ्या मशीनसाठी हा एक शब्द फार मोलाचा आहे, आणि तो फारसा कुणी सुचवत नाही याचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या रकान्यात यूयूआयडी द्या, /डेव्ह/एसडीए३ सारखा पत्ता नको. साटा डिस्क काढून एनव्हीएमई लावली, किंवा नुसतं बाहेरचं ड्राइव्ह जोडलेलं असताना बूट केलं, तरी असे पत्ते बदलतात. मात्र कोणता यूयूआयडी, इथे भल्याभल्यांची गल्लत होते. एकाच डिस्कवर तीन वेगळे आकडे असतात: पार्टिशनचा स्वतःचा (पार्टयूयूआयडी), लक्स कंटेनरचा, आणि आतल्या फाइल सिस्टिमचा. क्रिप्टटॅबला मधला हवा. ‘क्रिप्टसेटअप लक्सयूयूआयडी’ आणि पुढे पार्टिशन दिलं की नेमका तोच मिळतो, शंकेला जागा राहत नाही. आतल्या एक्स्ट४चा यूयूआयडी इथे टाकला तर ‘वेटिंग फॉर एन्क्रिप्टेड सोर्स डिव्हाइस’ म्हणत मशीन बसून राहील, कारण तो आकडा कुलूप उघडल्यावरच दिसतो.

आता इमेज बनवा. ठिकठिकाणी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ असं लिहिलेलं असतं. माझा याला स्पष्ट विरोध आहे. ‘ऑल’ म्हणजे चालणाऱ्या जुन्या कर्नलची इमेजही नव्याने लिहिली जाणार. अजून काही चुकलेलं असेल तर परतीचा एकमेव रस्ता तुम्ही स्वतःच बंद करता. फक्त नव्या कर्नलची आवृत्ती ‘-के’पुढे द्या, ती चालते याची खात्री करा, मग बाकीच्यांचं बघा.

आणि आउटपुट वाचा. ‘क्रिप्टसेटअप: वॉर्निंग’ने सुरू होणारी एकही ओळ दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

रीस्टार्ट करण्याआधी इमेज उघडून बघा

बहुतेक जण इमेज बनवतात आणि सरळ रीस्टार्ट करून नशीब अजमावतात. याची काही गरज नाही. आत काय आहे ते आधीच बघता येतं. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ला इमेजचा पत्ता द्या आणि ‘ग्रेप’ने ‘क्रिप्ट’ शोधा. यादीत क्रिप्टसेटअप, ‘डीएम-क्रिप्ट.केओ’ (उबंटूत त्यापुढे झेडएसटी असू शकतं) आणि ‘क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब’ ही तिन्ही दिसली पाहिजेत.

पण यादीवर विसंबू नका, कारण क्रिप्टटॅबची फाइल रिकामी असली तरी यादीत नाव येतंच. म्हणून:

सुडो अनएमकेइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी-आवृत्ती /टीएमपी/आत

या फोल्डरमध्ये ‘अर्ली’ आणि ‘मेन’ असे भाग दिसतात. प्रोसेसरचा मायक्रोकोड नसेल तर सगळं थेटच असतं. ‘मेन/क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब’ उघडा. तुमचं नाव आणि तुमचा यूयूआयडी असलेली ओळ तिथे दिसली, की निर्धास्तपणे रीस्टार्ट करा. दिसली नाही तर रीस्टार्ट करूच नका, दुरुस्ती अजून बाकी आहे.

पेन ड्राइव्हवरून करत असाल तर

टर्मिनलमध्येच योग्य नावाने उघडा. फाइल मॅनेजरने आधीच उघडलं असेल तर एलव्हीएम निष्क्रिय करून ते मॅपिंग बंद करा आणि पुन्हा उघडा. रूट /एमएनटीवर माउंट करा. त्यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त विसरली जाते: वेगळं /बूट पार्टिशन /एमएनटी/बूटवर माउंट करणं. ते केलं नाही तर सीएचरूटच्या आत इमेज बनते, काही तक्रार येत नाही, आणि ती एन्क्रिप्टेड डिस्कवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जाऊन पडते. ग्रब बिचारा खऱ्या /बूटमधली जुनीच इमेज उचलतो. ‘सगळं बरोबर केलं तरी काही फरक नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो. ईएफआय पार्टिशनही लावा. चालू सिस्टिममधले डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर आत जोडल्याशिवाय (बाइंड केल्याशिवाय) सीएचरूट करू नका. प्रॉक आणि सिस नसले तर हुकला रूटचा माग काढता येत नाही.

/बूट भरलेलं असेल तर

लक्षण थोडं वेगळं. बिझीबॉक्सऐवजी कर्नल पॅनिक, ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ असे शब्द. एन्क्रिप्टेड मांडणीत /बूट वेगळं आणि छोटं असतं. जुन्या इन्स्टॉलमध्ये तर अर्ध्या-पाऊण जीबीचं. ग्राफिक्सचे ड्रायव्हर धरून एकेक इमेज १०० एमबीच्या पुढे सहज जाते, आणि नवी लिहिताना जुनी बाजूला शिल्लक असते, त्यामुळे दोघींना पुरेल एवढी जागा लागते. जागा संपली तर नव्या कर्नलला इमेजच मिळत नाही. ‘डीएफ -एच /बूट’ बघा, ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल लक्षात ठेवा, आणि बाकीचे जुने ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने काढा. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून अर्धवट राहिलेला अपडेट पुरा करा.

जागा वाचवायला कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’चं ‘डेप’ करा असा सल्ला मिळतो. इमेज लहान होते हे खरं, पण मग तिच्यात फक्त त्या क्षणी दिसणाऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर जातात. उद्या बायॉसमध्ये इंटेलचा व्हीएमडी (डिस्क हाताळणारा कंट्रोलर) चालू झाला, तर व्हीएमडी मॉड्यूल नसलेल्या इमेजला एनव्हीएमई डिस्क दिसणारच नाही. एन्क्रिप्टेड लॅपटॉपवर ‘मोस्ट’ राहू द्या आणि जुने कर्नल वेळच्या वेळी काढा.

चौकट येते, पण पासफ्रेज चुकीचा म्हणते

हे निराळं दुखणं आहे. चालू सिस्टिमवर ‘क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज’ चालवा. तिथे तोच पासफ्रेज चालत असेल तर संशय कीबोर्डच्या मांडणीवर. आपल्याकडचे लॅपटॉप अमेरिकन मांडणीचे असतात. इन्स्टॉल करताना ब्रिटिश मांडणी निवडली गेली तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ‘@’च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं, शिफ्ट आणि ३ला ‘#’च्या जागी पौंडाचं चिन्ह. पासफ्रेजच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यामुळे हे कळत नाही. इनिटरॅमएफएसच्या शेलवर मात्र टाइप केलेलं दिसतं. तिथे ती विशेष चिन्हं एकेक करून दाबून बघा, काय उमटतं ते लगेच कळेल. /ईटीसी/डीफॉल्ट/कीबोर्ड दुरुस्त करा, इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘कीमॅप=वाय’ ठेवा आणि इमेज पुन्हा बनवा.

इनस्क्रिप्टवर रोज मराठी लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: पासफ्रेज देवनागरीत ठेवू नका. डेस्कटॉपवर तो सेट होईलही, पण बूटच्या वेळी तुमची मांडणी आणि इनपुट पद्धत हाताशी असेल याची काही शाश्वती नाही. साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं, तीही दोन्ही मांडण्यांत सारखी असणारी. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून लांब पासफ्रेज केला तर लक्षातही राहतो आणि बोटांनाही बसतो.

फेडोरा आणि आर्च

तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. फेडोरात ड्रॅकट इमेज बनवतो आणि ‘एलएसइनिटआरडी’ने आत बघता येतं. कर्नलच्या ओळीत ‘आरडी.लक्स.यूयूआयडी’ बरोबर आहे का ते बघा. नेहमीच्या इमेज त्या मशीनपुरत्या बनतात, पण यादीतली ‘रेस्क्यू’ इमेज सगळे ड्रायव्हर घेऊन बनलेली असते. ती चालली आणि नवी अडली, तर नव्या इमेजमध्ये काहीतरी कमी असल्याची दाट शंका घ्या.

आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओच्या कॉन्फिगमधला हुकांचा क्रम घात करतो. कीबोर्ड, कीमॅप आणि ब्लॉक हे ‘एन्क्रिप्ट’च्या आधी हवेत, एलव्हीएम असेल तर त्याचा हुक ‘एन्क्रिप्ट’नंतर आणि ‘फाइलसिस्टिम्स’च्या आधी. ‘ऑटोडिटेक्ट’च्या नंतर ‘कीबोर्ड’ असेल तर इमेज बनताना जोडलेला कीबोर्डच चालेल. डॉकवर वेगळा कीबोर्ड वापरणाऱ्यांनी तो आधी आणावा. आणि ‘सिस्टिमडी’ हुक वापरत असाल तर कर्नलच्या ओळीतलं ‘क्रिप्टडिव्हाइस=’ कुणीच वाचत नाही. तिथे ‘एसडी-एन्क्रिप्ट’ आणि ‘आरडी.लक्स.नेम=’ लागतं. जुना कर्नल आर्चमध्ये आपोआप राहत नाही, म्हणून एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी ठेवाच.

पासफ्रेज ग्रबच विचारत असेल आणि तिथेच अडत असेल, म्हणजे /बूटही एन्क्रिप्टेड असेल, तर इमेजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. क्रिप्टसेटअप २०१९ पासून नवीन कंटेनर लक्स२ प्रकारचा बनवतो आणि त्यात पासफ्रेजवरून किल्ली बनवायला आर्गॉन२ ही पद्धत वापरतो. ग्रब २.०६ला लक्स२ कळतं, पण फक्त पीबीकेडीएफ२ या जुन्या पद्धतीने बनवलेल्या किल्लीचं. ‘लक्सकन्व्हर्टकी’ने त्या किल्लीच्या स्लॉटची (जागेची) पद्धत बदलावी लागते.

अशा कुठल्याही दुरुस्तीला हात घालण्याआधी ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ चालवून हेडरची प्रत काढा. लक्स२मध्ये ती साधारण १६ एमबीची होते. ती त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, आणि कुठेही टाकून देण्यासारखीही नाही: त्या प्रतीत तेव्हाचे पासफ्रेज जिवंत राहतात, तुम्ही नंतर ते बदललेत तरी.